कर्तव्यावरील मृत्यू किंवा अपंगत्व : नाशिकमधील कुटुंबांसाठी पहिल्या कागदापासून निवृत्तिवेतनापर्यंत

पोलीस किंवा अग्निशमन दलातील कर्मचारी गेला, की दहाव्याच्या आत भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी "शासन पन्नास लाख देते" असे हमखास सांगून जातो. हा आकडा हवेतून आलेला नाही. कोविडच्या साथीत, २९ मे २०२० च्या शासन निर्णयाने, साथीशी संबंधित कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ५० लाख रुपयांचे सानुग्रह सहाय्य मंजूर झाले होते, आणि तेव्हापासून तो आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे. प्रत्यक्षात अशी एकच ठरलेली रक्कम नसते. कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी, गटविमा, अपघात विमा, सानुग्रह अनुदान आणि अनुकंपा नियुक्ती हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत, प्रत्येकाचा नियम वेगळा आहे आणि प्रत्येकाचे दारही वेगळे आहे. नोकरीची बरीच वर्षे मी आस्थापना शाखेत काढली असल्यामुळे ही दारे कोणत्या क्रमाने ठोठवावीत, एवढेच येथे सांगतो.

आरंभ एका शब्दभेदापासून करावा लागतो. "सेवेत असताना मृत्यू" आणि "कर्तव्य बजावताना मृत्यू" हे बोलण्यात सारखे वाटले, तरी फाइलमध्ये त्यांचा अर्थ पूर्णपणे भिन्न आहे. सुटीवर गावी गेलेल्या शिपायाचा आजाराने मृत्यू झाला, तर तो सेवेत असतानाचा मृत्यू ठरतो आणि निवृत्तिवेतन, उपदान, अनुकंपा हे लाभ त्यालाही लागू होतात. नाकाबंदीत वाहनाने उडवलेला, आगीत भिंत अंगावर पडून गेलेला किंवा कैद्याच्या हल्ल्यात मारला गेलेला कर्मचारी मात्र कर्तव्य बजावताना गेला असे मानले जाते, आणि असाधारण कुटुंब निवृत्तिवेतन (कर्तव्यावरील मृत्यूसाठीचे वेगळे निवृत्तिवेतन), सानुग्रह अनुदान व विशेष शिष्यवृत्त्या यांचा विचार तेथून पुढे होतो. हा भेद मंत्रालयात ठरतो असा समज आहे. खरे तर तो घटनेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, ज्या कागदांवर कुणाचे फारसे लक्ष नसते त्या कागदांवर ठरून गेलेला असतो.

पहिले काही दिवस : कोणते कागद हाती घ्यावेत

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घटना घडली, तेथील स्टेशन डायरीतील नोंद, प्रथम खबर किंवा अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मागून घ्याव्यात. त्याचबरोबर त्या दिवशीच्या नेमणुकीचा पुरावा, म्हणजे ड्युटीचा तक्ता, बंदोबस्ताचा आदेश किंवा अग्निशमन केंद्रातील वर्दीची (आगीच्या खबरेची) नोंद, अवश्य मिळवावी. हा शेवटचा कागद बहुतेक कुटुंबांकडून राहतो. मृत्यू अपघाताने झाला हे पंचनाम्यावरून सिद्ध होते, परंतु तो माणूस त्या वेळी तेथे कामावर होता हे पंचनामा सांगेलच असे नाही.

बंदोबस्तावर असताना हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू झाला, तर प्रकरण अधिक नाजूक होते, कारण अंगावर जखम नसते आणि "नैसर्गिक मृत्यू" असे दोन शब्द लिहिले की फाइल तेथेच अडते. अशा वेळी आधीच्या दिवसांतील सलग ड्युटीची नोंद, त्रास सुरू झाला ती वेळ, सोबतच्या सहकाऱ्यांचे जबाब आणि ज्या रुग्णालयात प्रथम नेले तेथील दाखल होतानाची नोंद या चार गोष्टींवरच सगळी मदार असते. सहकारी बदलून जाण्याआधी त्यांचे जबाब नोंदवून घेण्याची विनंती लेखी करावी.

नाशिकबाबत येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. २०२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मोठे मनुष्यबळ नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला येणार आहे. अशा कर्मचाऱ्याला येथे काही झाले, तर पंचनामा, शवविच्छेदन आणि मृत्यूची नोंद नाशिकमध्ये होते; लाभांचा प्रस्ताव मात्र त्याच्या मूळ घटकातून, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या दलातून तो आला तेथून, जातो. धुळे, परभणी किंवा कोल्हापूरहून पुन:पुन्हा नाशिकला खेटे घालणे कुटुंबाला जमत नाही, म्हणून येथून निघण्यापूर्वीच ठाण्याचे नाव, गुन्हा किंवा अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक आणि तपासी अंमलदाराचे पद एका कागदावर लिहून घ्यावे.

मृत्यूची नोंद कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला असल्यास रुग्णालयच ती कळवते, पण दाखल्यावरील नाव सेवापुस्तकातील नावाप्रमाणे आहे की नाही, हे घरच्यांनीच तपासायचे असते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढून ठेवाव्यात.

नावाचा घोळ

माझ्या टेबलासमोर एका हवालदाराच्या पत्नी बसल्या होत्या, त्यांची आठवण येथे सांगण्यासारखी आहे. सोबत धाकटा दीर, मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत सगळे कागद नीट घडी घालून ठेवलेले. सेवापुस्तकात पत्नीचे नाव लग्नानंतर सासरी ठेवलेले होते, आधार कार्डावर माहेरचे पहिले नाव होते, आणि बँकेच्या पुस्तकात तिसरेच, म्हणजे माहेरचे नाव पण सासरचे आडनाव. बाई एकच, कागदांवर तिघी. रेशनकार्डावर चौथे नाव निघते की काय, या धास्तीने दिराने ते पिशवीतून बाहेरच काढले नव्हते. ते प्रकरण मार्गी लागले, पण मधले पाच महिने निव्वळ या घोळात गेले.

लग्नात नाव बदलण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे हा प्रसंग विरळा नाही. उपाय साधा आहे : विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो जोडावा, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे, आणि कार्यालयाने त्यावर समाधान न मानल्यास राजपत्रात नाव बदलाची प्रसिद्धी करून घ्यावी. ज्यांच्या घरचा कर्मचारी आज धडधाकट आहे, त्यांनी हे काम याच महिन्यात उरकावे. सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील आणि नामनिर्देशन लग्नाआधीचे, म्हणजे आईच्या नावाचे, राहून गेल्याची प्रकरणे मी इतकी पाहिली आहेत, की त्याचा मला आता अचंबा वाटत नाही.

कोणत्या कार्यालयात काय

शहर आयुक्तालयातील कर्मचाऱ्याचे काम गंगापूर रोडवरील पोलीस आयुक्त कार्यालयातून, तर ग्रामीण दलातील कर्मचाऱ्याचे काम आडगाव येथील अधीक्षक कार्यालयातून चालते. दोन्हीकडे आस्थापना, वेतन आणि कल्याण अशा शाखा असतात. निवृत्तिवेतनाची आणि अनुकंपाची फाइल आस्थापनेकडे, शेवटचे वेतन व निधीचे हिशेब वेतन शाखेकडे, आणि तातडीची मदत कल्याण शाखेकडे, अशी साधारण वाटणी लक्षात ठेवली म्हणजे चकरा कमी होतात. महापालिकेच्या अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र शिंगाडा तलावाजवळ असले, तरी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनातून हाताळल्या जातात. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी कारागृहाच्या आस्थापनेकडे जावे.

कोठेही अर्ज दिला, की आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोहोच आपल्या प्रतीवर घ्यावी. तोंडी सांगितले, फोनवर बोलणे झाले, साहेबांनी "करतो" म्हटले, याला फाइलमध्ये काही अर्थ नसतो.

कुटुंब निवृत्तिवेतन

शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असून, सेवेत असताना मृत्यू झाल्यास सुरुवातीची ठरावीक वर्षे ते ५० टक्के या वाढीव दराने मिळू शकते. शेवटचे मूळ वेतन ४५,००० रुपये असेल, तर वाढीव दराने २२,५०० आणि त्यानंतर १३,५०० रुपये होतात. त्यावर त्या त्या वेळचा महागाई भत्ता मिळतो. मंजुरीच्या आदेशात वाढीव दर कोणत्या तारखेला संपतो ते लिहिलेले असते. ती तारीख घरात सर्वांना ठाऊक असावी, कारण त्या महिन्यात रक्कम एकाएकी घटली, की बँकेने पैसे कापले असा गैरसमज होतो आणि त्याच भरवशावर घेतलेले कर्ज अंगाशी येते.

प्रस्ताव कार्यालयातून मुंबईच्या महालेखापालांकडे जातो, तेथून निवृत्तिवेतन प्रदान आदेश निघतो आणि नाशिकच्या जिल्हा कोषागारामार्फत रक्कम बँकेत जमा होऊ लागते. या मार्गावर फाइल अडते ती बहुतेकदा सेवापुस्तकापाशी : वेतन पडताळणी पथकाकडून वेतननिश्चितीची तपासणी झालेली नसते, एखाद्या जुन्या बदलीच्या काळातील सेवेची पडताळणी राहिलेली असते किंवा जादा दिलेल्या वेतनाची वसुली निघते. म्हणून "फाइल कुठे आहे" असे मोघम विचारू नये; "सेवापुस्तकाची पडताळणी पूर्ण झाली का, त्रुटी निघाली असल्यास त्या पत्राची प्रत द्यावी" असे विचारावे. अंतिम मंजुरीला वेळ लागणार असेल, तर तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याची नियमांत तरतूद आहे. ते आपणहून देणारी कार्यालये थोडी आहेत, तेव्हा त्यासाठी वेगळा अर्ज करावा.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, म्हणून त्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतनही नाही, असे आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ही माहिती जुनी झाली आहे. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन व मृत्यू उपदान, आणि रुग्णतेमुळे सेवा सोडावी लागल्यास रुग्णता निवृत्तिवेतन व उपदान देण्याचे ठरले आहे. येथे कुटुंबाला विकल्प द्यावा लागतो : कुटुंब निवृत्तिवेतन घेतल्यास खात्यातील शासनाचा हिस्सा शासनाकडे परत जातो. खात्यात साठलेली मोठी रक्कम पाहून घाईने ती काढून घेऊ नये. तिशीतल्या विधवेला पुढची चाळीस-पन्नास वर्षे महागाई भत्त्यासह मिळणारे निवृत्तिवेतन त्या रकमेपेक्षा बहुधा पुष्कळ जास्त भरते.

उपदान, निधी आणि विमा

मृत्यू उपदान सेवेच्या कालावधीवर ठरते. सेवा एक वर्षाहून कमी असल्यास वेतनाच्या दुप्पट, एक ते पाच वर्षांच्या दरम्यान असल्यास सहापट, आणि पुढे सेवेप्रमाणे वाढत जाते. राज्य शासनाने कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख रुपये केली आहे. याखेरीज भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण आणि १९८२ च्या राज्य शासकीय कर्मचारी गटविमा योजनेची रक्कम यांसाठी स्वतंत्र अर्ज लागतात.

अपघाती मृत्यू असल्यास आणखी दोन ठिकाणी पाहावे. पहिले, समूह वैयक्तिक अपघात विमा योजना, जिची वर्गणी वेतनातून वर्षाला एकदा कापली जाते. वेतनचिठ्ठी काढून ती कपात झाली आहे का ते पाहावे. दुसरे, वेतनखात्यासोबत बँकेने दिलेला अपघात विमा. तो कोणत्या बँकेचा, किती रकमेचा आणि मृत्यूपूर्वी ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेले असण्याची अट त्याला आहे का, हे शाखेत जाऊन लेखी विचारावे. दावा कळवण्याची मुदत अशा विम्यांत थोडी असते आणि दु:खाच्या दिवसांत ती कधी निघून जाते हे कळतही नाही. दावा मंजूर होईपर्यंत खाते बंद करू नये.

बँक, विमा आणि निधी यांसाठी काही वेळा न्यायालयाचा वारस दाखला मागितला जातो. कुटुंबात वाद नसेल आणि नामनिर्देशन बरोबर असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याची सहसा गरज नसते, तेव्हा वकिलाचा खर्च करण्याआधी कार्यालयाकडून तशी लेखी मागणी घ्यावी. सासू-सून यांच्यात किंवा दोन पत्नींच्या दाव्यांत वाद असल्यास मात्र प्रकरण न्यायालयातच जाते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

कर्तव्य बजावताना मृत्यू आल्यास

असाधारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा आणि सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव घटकप्रमुखांकडून पोलीस महासंचालक कार्यालयामार्फत गृह विभागाकडे जातो. नक्षलवादी किंवा दहशतवादी कारवाईत वीरमरण आलेल्यांसाठी तरतुदी अधिक उदार आहेत; कर्मचारी हयात असता तर ज्या वयाला निवृत्त झाला असता, तोपर्यंत कुटुंबाला वेतन चालू ठेवण्याची तरतूद त्यांत आहे. गडचिरोलीत नेमणुकीवर गेलेल्या नाशिकच्या जवानांच्या घरी ही माहिती असायला हवी. याच गटातील राज्य पोलिसांच्या पाल्यांना २०१९ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनाही खुली झाली असून, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो.

मृत्यू रस्ता अपघातात झाला असेल, तर वरील लाभांव्यतिरिक्त मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. "शासनाकडून मिळते आहे, मग दावा कशाला" हा विचार चुकीचा आहे, कारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते म्हणून अपघाताची भरपाई कमी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. तेवढ्यातच दावा दाखल करावा.

अनुकंपा नियुक्ती

ही नियुक्ती गट क आणि गट ड मधील पदांवरच मिळते आणि तिची प्रतीक्षासूची असते. २०१७ च्या एकत्रित शासन निर्णयात अर्जाची मुदत मृत्यूच्या दिनांकापासून एक वर्ष होती. नंतर धोरणात सुधारणा झाल्या असल्या, तरी सवलतीच्या भरवशावर न राहता अर्ज वर्षाच्या आतच द्यावा. मुले लहान असतील तर पत्नीने स्वत:चे नाव द्यावे की मुलगा सज्ञान होईपर्यंत थांबावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझे मत असे, की पत्नीचे शिक्षण पदाला पुरेसे असेल तर तिनेच नोकरी घ्यावी. मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हायला दहा वर्षे असतात, तोवर घर कुणी चालवायचे, याचे उत्तर "थांबा" म्हणणाऱ्या नातेवाइकांपाशी नसते.

विवाहित मुलगीही पात्र असते, हे अनेकांना माहीत नसते. पंचेचाळीस वर्षांनंतर नाव सूचीतून निघते. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असल्यास कुटुंब या नियुक्तीस पात्र राहत नाही, आणि ही गोष्ट लपवून घेतलेली नोकरी नंतर गमवावी लागू शकते. इतर कुटुंबीयांची ना-हरकत आणि त्यांचा सांभाळ करण्याची हमी अर्जासोबत द्यावी लागते. नोकरी लागल्यावर सासू-सासऱ्यांना वाऱ्यावर सोडल्याच्या तक्रारी येतात, म्हणून ही हमी कार्यालये गांभीर्याने घेतात.

कर्मचारी जखमी होऊन वाचला असेल तर

अशा घरांकडे मृताच्या घराइतके कुणाचे लक्ष जात नाही, आणि चुकाही येथेच अधिक होतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे खचून जाऊन दिलेला राजीनामा. राजीनाम्याने मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. पाय गेला, दृष्टी गेली, तरी राजीनाम्याच्या कागदावर सही करू नये.

कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीसाठी रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे आणि ती २४ महिन्यांपर्यंत मिळू शकते. आपली अर्जित रजा त्यासाठी खर्ची घालू नये. उपचाराच्या खर्चासाठी पोलिसांना महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. प्रकृती स्थिरावल्यावर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात तपासणीस जावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. शस्त्रक्रियांचे सगळे सारांश आणि क्ष-किरण चित्रे बरोबर न्यावीत, नाहीतर पुढची तारीख मिळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांबाहेरील जादा) पदावर ठेवावे लागते. शासन अधिसूचनेने काही आस्थापनांना यातून सूट देऊ शकते, त्यामुळे नकार आल्यास "कोणत्या अधिसूचनेनुसार" हे लेखी मागावे. बिनतारी कक्ष, नियंत्रण कक्ष, पासपोर्ट विभाग अशा ठिकाणी बसून करण्याची कामे पोलीस दलात असतात. अर्जात अशा कामाचे नाव स्पष्ट घातले, की निर्णय देणे वरिष्ठांनाही सोपे जाते. कोणतेच काम शक्य नसेल तर वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायावर रुग्णता निवृत्तिवेतन मागावे.

कंत्राटी अग्निशमन कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन नसते, परंतु नुकसानभरपाई असते. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात अग्निशमन दलातील नोकरीचा स्पष्ट उल्लेख होता आणि तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्यासाठी हजेरीपत्रक, वेतन जमा झाल्याच्या बँक नोंदी आणि ठेकेदाराने दिलेले ओळखपत्र जपून ठेवावे.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत यादीवर सही करून किंवा जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीने तो देता येतो. पहिल्याच वर्षी हे राहून जाते आणि नंतर रक्कम थांबल्यावर धावपळ होते. तसे झाल्यास कोषागारात दाखला द्यावा, थकलेली रक्कम मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन आयकरात वेतन म्हणून नव्हे तर इतर उत्पन्न म्हणून दाखवायचे असते आणि त्यावर ठरावीक वजावट मिळते, एवढे विवरणपत्र भरणाऱ्याला आवर्जून सांगावे.